वाचकांचे प्रश्न : बापूकाकांचे घड्याळ ३९ मिनिटे मागे का होते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रे एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की ती एकत्रच घ्यावीत असे वाटले. दोन्ही पत्रांत घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीच्या जगावेगळ्या सवयीची आठवण आहे आणि ती आठवण लिहावी कशी, किंबहुना लिहावी की नाही, असा प्रश्न आहे. पहिले पत्र लहान आहे, म्हणून ते आधी घेते.

प्रश्न : स. न. वि. वि. माझी आत्या पुण्याला टपालखात्यात सॉर्टिंगच्या कामाला होती. पिनकोड सुरू झाल्यावर तिने ते इतक्या उत्साहाने पाठ केले की पुढे आम्हा भाचरांना ती नावाऐवजी पिनकोडानेच हाक मारू लागली. लग्न होऊन मी सांगलीला आले आणि तिच्यासाठी ‘चारशे सोळा, चारशे सोळा’ झाले; गिरगावातला माझा भाऊ ‘चार लाख चार’ झाला. कोणी घर बदलले की नव्या घराला खोल्या किती, हे विचारण्याआधी ती पिन विचारायची. शेवटची दोन वर्षे तिची स्मृती गेली. आमची नावे, चेहरे, नाती सारे पुसले गेले. पण मी जवळ बसून तिचा हात हातात घेतला की ती माझ्याकडे न पाहता हळूच ‘चारशे सोळा, चारशे सोळा’ म्हणायची. तिच्या वर्षश्राद्धाला जमू तेव्हा वाचण्यासाठी मी तिच्या आठवणी लिहीत आहे. धाकटी बहीण म्हणते, आधीची गंमत लिही, पण शेवटचे लिहू नकोस, त्यात आत्याच्या आजाराचे प्रदर्शन होते. मी काय करावे? – एक वाचिका, सांगली

उत्तर : आपण शेवटचे अवश्य लिहावे. आपल्या बहिणीच्या म्हणण्यात जे खरे आहे, ते मात्र आधी मान्य केले पाहिजे. आजारपणात माणूस स्वतःची लाज स्वतः राखू शकत नाही, ती भोवतालच्यांनी राखायची असते. म्हणून औषधे, दवाखाना, रात्रीचे हाल यांतले काहीही त्या लेखात येऊ देऊ नका. पण तो हात हातात घेतल्याचा क्षण आजाराचा नाही, तो आत्याचा आहे. स्मृतिभ्रंशात सहसा अलीकडच्या आठवणी आधी जातात आणि वर्षानुवर्षे हाताखालून गेलेल्या गोष्टी त्या मानाने उशिरापर्यंत टिकतात. ज्या बाईने आयुष्यभर हजारो पाकिटे त्या सहा आकड्यांवरून योग्य खणात टाकली, तिच्याजवळ ते आकडे शेवटपर्यंत राहिले असतील तर त्यात नवल नाही. आपण स्वतः मात्र त्या आकड्यांशी जोडलेल्या राहिलात, ही गोष्ट आपल्या बहिणीलाही ऐकून बरे वाटेल अशी आहे.

फक्त एक करा. लेखात ती हाक नुसती गंमत म्हणून येऊ नये यासाठी आत्याच्या कामाविषयी चार ओळी आधी लिहा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातले अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृतचे कवीही होते. ही व्यवस्था येण्यापूर्वी एकाच नावाची गावे, न लागणारे अक्षर आणि निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते यांतून वाट काढणे हे सॉर्टिंगवाल्यांचे रोजचे काम होते. आपल्या राज्यात वडगाव किती आणि पिंपळगाव किती, हे आठवून पाहा. सहा आकड्यांतला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन पत्र वाटणाऱ्या टपाल कार्यालयापर्यंत नेतात. म्हणजे ज्याचा पिन ठाऊक आहे ते माणूस हरवणार नाही, हा तिचा रोजचा अनुभव होता, आणि घर बदलणाऱ्या भाच्याला ती सगळ्यांत आधी पिन का विचारायची, याचे उत्तर मला त्यात दिसते. एवढे लिहिलेत की शेवटचा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. तो जसा घडला तसा दोन वाक्यांत लिहा. लिहून झाल्यावर मजकूर आधी बहिणीला वाचायला द्या आणि तिने एखादा शब्द गाळायला सांगितला तर तो गाळा.

आता दुसरे पत्र.

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार होत आहे आणि बापूकाकांची नोंद लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बापूकाका म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले बंधू. वडील त्यांना बापूकाका म्हणत म्हणून आम्हीही तेच म्हणत असू. जन्म १९२१, मृत्यू १९९८. सारे आयुष्य गिरगावातल्या एका चाळीत गेले आणि नोकरी एका छापखान्यात मुद्रितशोधकाची. त्यांच्या खोलीतले लंबकाचे घड्याळ कायम ३९ मिनिटे मागे असे. कोणी पुढे करू म्हटले तर ते म्हणत, ‘ते बरोबर आहे, तुमची पुढे आहेत.’ ते प्रत्येक लग्नाला ३९ मिनिटे उशिरा पोहोचत, ही आमच्याकडची ठरलेली गोष्ट. आजही चारजण जमले की कोणीतरी ती सांगतेच. मला आठवते, मी आठ-नऊ वर्षांचा असताना नाताळच्या सुटीत त्यांनी मला चाळीच्या गच्चीवर नेले, शाईच्या रिकाम्या दौतीत एक काठी उभी केली, फरशीवर खडूने उत्तर-दक्षिण रेघ ओढली आणि वाट पाहायला लावली. काठीची सावली त्या रेघेवर आली आणि खालच्या खोलीतून बाराचे टोल ऐकू आले. काकू तेव्हा खालून हाका मारत होत्या, कारण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टाइमपीसप्रमाणे जेवणाची वेळ टळून गेली होती.

काका-काकूंना मूलबाळ नव्हते. ती खोली आता सोडली आणि गेल्या महिन्यात घड्याळ माझ्याकडे आले. त्याच्या पेटीत तळाशी जुन्या लग्नपत्रिका निघाल्या, त्यांवर पेन्सिलीने बारीक आकडे आहेत. मुहूर्त १२ वाजून १५ मिनिटांचा असेल तर शेजारी ‘११-३६’, स्वागतसमारंभ सात वाजता असेल तर ‘६-२१’. कुलवृत्तांताचे संपादन करणाऱ्या चुलतभावाने नोंदीत ‘स्वभावाने विक्षिप्त’ असे दोन शब्द घालून ठेवले आहेत आणि तेवढे पुरे म्हणतो. त्या ३९ मिनिटांना खरोखर काही आधार होता का? नोंदीत काय लिहावे? आणि घड्याळ आता माझ्या घरी कोणत्या वेळेला लावावे? अजून ते भिंतीवर टांगलेले नाही. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधार होता, आणि तो पक्का होता. आपल्या बापूकाकांचे घड्याळ मुंबई टाइम दाखवीत होते, ज्याला त्या काळचे लोक बॉम्बे टाइम म्हणत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि तो रेखांश उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातो. मुंबई त्याच्या पश्चिमेला साधारण पावणेदहा अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, तेव्हा प्रमाणवेळेच्या रेखांशावर आलेला मध्याह्न मुंबईपर्यंत पोहोचायला सुमारे ३९ मिनिटे लागतात. मुंबईच्या सूर्याप्रमाणे बारा वाजतात तेव्हा आपल्या मोबाइलवर १२ वाजून ३९ मिनिटे झालेली असतात. बापूकाका ‘तुमची पुढे आहेत’ म्हणत, ते या अर्थाने शब्दशः खरे होते.

गच्चीवरच्या प्रसंगाविषयी मला आणखी सांगायचे आहे, कारण आपल्या पत्रातला तो तपशील वाचून मी थबकले. सूर्य वर्षभर घड्याळाच्या चालीने चालत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे प्रत्यक्ष मध्याह्न फेब्रुवारीच्या मध्यावर घड्याळाच्या बारापेक्षा सुमारे १४ मिनिटे उशिरा होतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटे लवकर. सूर्य आणि घड्याळ यांचा तंतोतंत मेळ वर्षातून चारदाच बसतो : एप्रिलच्या मध्याला, जूनच्या मध्याला, सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत आणि २५ डिसेंबरच्या सुमारास. जूनमध्ये मुंबईत आभाळ भरलेले, सप्टेंबरच्या आरंभीही पावसाचा भरवसा नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला सावली आणि टोल एकत्र दाखवायचे तर नाताळच्या सुटीइतका चांगला दिवस नाही. बापूकाकांनी तो दिवस मुद्दाम निवडला असावा, असे मला फार वाटते. निदान इतके निश्चित की तो प्रयोग फेब्रुवारीत केला असता तर बाराचे टोल पडून गेल्यावर आपण दोघे आणखी पाव तास उन्हात उभे राहिला असतात.

ही वेळ त्यांनी स्वतः शोधून काढलेली नव्हती, हे नोंदीत स्पष्ट यावे. पूर्वी आपल्याकडे शहरागणिक वेळ वेगळी होती, आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे. ती मद्रास वेळ मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांवर लादण्याचा प्रयत्न गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये केला तेव्हा शहरात इतका विरोध झाला की पुढे तो हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून देशाची प्रमाणवेळ आली तरी मुंबईने मुंबई टाइम सोडला नाही. सभा झाल्या, गिरणी कामगारांनी नाराजी दाखवली आणि महापालिकेने आपला कारभार जुन्याच वेळेने चालू ठेवला. सरकारने न विचारता आपली घड्याळे पुढे केली, अशी लोकांची भावना होती आणि त्या भावनेत राजकारणही मिसळलेले होते. दोन वेळांचा हा संसार स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकला. म्हणजे १९२१ साली जन्मलेल्या गिरगावातल्या मुलाने लहानपणापासून ‘स्टँडर्ड टाइम की बॉम्बे टाइम?’ असे विचारणारी माणसे पाहिलेली असणार. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, प्रमाणवेळच आणखी एक तास पुढे केली गेली, तेव्हा सरकारी घड्याळ आणि मुंबईचा सूर्य यांच्यातले अंतर १ तास ३९ मिनिटांवर गेले. बापूकाका तेव्हा नुकतेच विशी ओलांडलेले होते. नंतर सारे शहर प्रमाणवेळेवर गेले आणि ते गेले नाहीत, एवढेच घडले. आपण त्यांना पाहिलेत तोवर ते एकटे उरले होते.

आता लग्नांच्या उशिराची गोष्ट. आपल्या घरातली ठरलेली गोष्ट आणि आपल्या हातात आलेल्या पत्रिका एकमेकींशी जुळत नाहीत, हे आपल्या लक्षात आले आहे का? १२ वाजून १५ मिनिटांतून ३९ मिनिटे वजा केली की ११-३६ उरतात. सातातून वजा केली की ६-२१. म्हणजे प्रत्येक पत्रिका हाती आली की ते बसून हिशेब करीत आणि आपल्या घड्याळात किती वाजले म्हणजे दुसऱ्यांचा मुहूर्त साधेल, ते पेन्सिलीने मांडून ठेवीत. ज्याला उशिराची पर्वा नाही तो माणूस असे करीत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातली चूक समासात बारीक अक्षरांत दुरुस्त करणाऱ्या मुद्रितशोधकाने लग्नपत्रिकेलाही तसेच वागवले आणि छापलेली वेळ न खोडता आपली वेळ शेजारी लिहिली. ते प्रत्येक लग्नाला उशिरा पोहोचत, ही गोष्ट मला त्यामुळे खरी वाटत नाही. त्यांनी कोणाला ‘सहाला ये’ म्हटले असेल, येणारा प्रमाणवेळेने सहाला आला असेल आणि बापूकाका अजून कपडे करीत असतील, हे शक्य आहे. अशा एखाद्या प्रसंगाची पुढे सगळी लग्ने झाली असतील. घरात जी दोन-तीन वडीलधारी माणसे आज हयात आहेत, त्यांना नुसते ‘बापूकाका उशिरा यायचे ना?’ असे विचारू नका. ‘तुमच्या लग्नात ते किती वाजता आले?’ असे विचारा.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते त्याला कारण आहे. माझ्या आईचे एक मामा कोणाच्याही घरी गेले तरी पाणी स्वतःच्या पितळी फुलपात्रातूनच पीत. ते फुलपात्र पिशवीतून काढायचे, पाणी वरून ओतून घ्यायचे, पिऊन झाल्यावर धोतराच्या सोग्याने पुसून पुन्हा पिशवीत ठेवायचे. आम्ही मुले त्याला त्यांचे सोवळे समजत होतो आणि सुटीत त्यांची नक्कल करून मोठ्यांना हसवत होतो, मोठेही हसत. ते गेल्यावर तेराव्याच्या दिवशी त्यांच्या मुलीने सांगितले की विशीत त्यांना क्षय झाला होता, ते बरे झाले, पण आपल्यामुळे दुसऱ्याच्या घरात तो जाईल या धास्तीने त्यांनी पुढची पन्नास वर्षे कोणाच्या भांड्याला तोंड लावले नाही. क्षय खोकल्यातून हवेवाटे पसरतो, भांड्यातून नाही, हे त्यांना कोणीच नीट समजावले नसावे. ज्याला आम्ही विटाळ समजत होतो ती आमची काळजी होती, आणि ती नक्कल त्यांनी अनेकदा समोर बसून पाहिली होती. मला त्याचे आजही वाईट वाटते. तेव्हापासून कोणी आपल्या माणसाच्या विक्षिप्तपणाची गोष्ट सांगू लागले की त्यामागे काय होते, हे मी विचारल्याशिवाय राहत नाही.

आपल्या चुलतभावाचे दोन शब्द मी गाळून टाकीन. ‘स्वभावाने विक्षिप्त’ असे लिहिल्यावर वाचणाऱ्याला काहीच दिसत नाही, आणि कुलवृत्तांत तर पन्नास वर्षांनी अशा माणसाच्या हातात पडतो ज्याने बापूकाकांना पाहिलेले नसते. जन्म, नोकरी, वास्तव्य यांच्या नेहमीच्या ओळींनंतर असे लिहा की मुंबई टाइम बंद झाल्यावरही त्यांनी घरचे घड्याळ अखेरपर्यंत त्याच वेळेवर ठेवले, आणि पत्रिकेवरचे ते आकडे जसेच्या तसे द्या. जागा असेल तर एका पत्रिकेचे छायाचित्र छापा. मात्र नवरा-नवरीची नावे झाकून घ्या, किंवा त्यांची परवानगी घ्या. गच्चीवरची सावली आपल्या स्वतःच्या नावाने, साक्षीदार म्हणून लिहा. ती आपल्याखेरीज दुसरे कोणी लिहू शकणार नाही.

आणि काकूंचा टाइमपीस विसरू नका. आपल्या पत्रात तो एका वाक्यात येऊन गेला आहे, पण मला तो त्या भिंतीवरच्या घड्याळाइतकाच महत्त्वाचा वाटतो. चाळीच्या नळाला पाणी प्रमाणवेळेने येई, दूधवाला प्रमाणवेळेने येई आणि छापखाना प्रमाणवेळेने उघडे. नवऱ्याचा डबा वेळेवर भरून देण्यासाठी काकूंना स्वयंपाकघरात दुसरे घड्याळ लागत होते. एका खोलीत मुंबईचा सूर्य आणि दुसऱ्या खोलीत देशाची वेळ असा संसार त्यांनी चालवला, आणि बापूकाकांचे तत्त्व टिकले त्यात त्यांच्या रोजच्या बेरजेचा वाटा मोठा होता. कुलवृत्तांतांत सुनांच्या नोंदी पुष्कळदा माहेरचे नाव आणि गाव यांवरच संपतात. काकूंची नोंद तशी संपू देऊ नका. त्या याविषयी काय म्हणत, चिडत की हसत, हे शेजारच्या बिऱ्हाडातल्या कोणाला आठवत असेल तर विचारा आणि जे उत्तर येईल ते, कडू असले तरी, लिहा.

राहिला घड्याळाचा प्रश्न. ते आपल्या घरी मुंबई टाइमवरच लावावे, असे माझे मत आहे. वेळ पाहायला आपल्याकडे मोबाइल आहे आणि त्या घड्याळाकडून आपल्याला ती माहिती नको आहे. टांगताना ते सरळ ओळंब्यात येईल असे पाहा, कारण पेटी किंचित कलली तरी ‘टिक’ आणि ‘टक’ यांमधले अंतर कमीजास्त होते आणि थोड्या वेळाने लंबक थांबतो. कान लावून ऐका आणि दोन्ही ठोके सारख्या अंतराने पडेपर्यंत पेटी केसभर इकडेतिकडे सरकवा. टोलांच्या घड्याळाचे काटे मागे फिरवू नयेत, त्याने टोल चुकू लागतात आणि आतली यंत्रणाही बिघडू शकते. काटा नेहमी पुढेच न्यायचा आणि प्रत्येक अर्ध्या व पूर्ण तासाला टोल पडून संपेपर्यंत थांबायचे. म्हणून आधी ते मोबाइलशी जुळवून बरोबर लावा आणि चालू करा. मग लंबक बोटाने अलगद धरून थांबवा, मोबाइलवर ३९ मिनिटे जाऊ द्या आणि तो पुन्हा हलवा.